दाते कुणाचे, नाव कुणाचं

जुन्या चेनसॉ जमवणाऱ्यांच्या मेळाव्याला पहिल्यांदा गेलेल्या माणसाला वाटतं, इथे ओंडके कापायची चढाओढ लागलेली असणार. मिशिगनमधल्या नोकरीच्या काळात मी अशा मेळाव्यांना बरीच हजेरी लावली, आणि तिथे सर्वांत कमी दिसलेली वस्तू म्हणजे लाकूड. पिकअप ट्रकच्या मागच्या फळ्या पाडलेल्या, त्यांवर पन्नास-साठ वर्षांपूर्वीची यंत्रं घासूनपुसून मांडलेली, मालक शेजारी खुर्ची टाकून बसलेले. 'सुरू करून दाखवा' म्हटलं की निम्म्यांना नेमका तेव्हाच फोन येतो. विकणाऱ्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं : "ठेवली तेव्हा चालू होती." कधी ठेवली, हे विचारायचं नसतं. एका गृहस्थांनी अशीच एक 'चालू' करवत घेतली. घरी नेऊन सायलेन्सर उघडला तर आत उंदराचं घरटं. आता हे भांडायला जाणार, असं आम्हाला वाटलं. पण घरटं आहे त्याअर्थी यंत्राला इतकी वर्षं कुणी हात लावलेला नाही, अस्सलपणाचा याहून मोठा पुरावा कोणता, असं सांगून त्यांनी पुढच्या मेळाव्यात ती घरट्यासकट चढ्या भावाने विकली.

या यंत्राचा इतिहास तुम्ही कुठे ना कुठे वाचलेला असतोच. दर वर्षी मोबाइलवर फिरणारी ती गोष्टही वाचलेली असते, की चेनसॉचा शोध म्हणे बाळंतपणासाठी लागला. गोष्ट खोटी नाही, पण डोळ्यांसमोर येतं ते चित्र मात्र साफ खोटं आहे. एडिंबरोच्या जॉन एटकन या डॉक्टरने १७८५च्या आपल्या सुईणशास्त्राच्या पुस्तकात जी करवत दाखवली, ती म्हणजे बारीक दात्यांची, दोन टोकांना दोन मुठी असलेली, हाताने मागेपुढे ओढायची साखळी. अडलेल्या बाळंतपणात ओटीपोटाच्या हाडांचा पुढचा सांधा कापायला ती वापरायची. ना धूर, ना आवाज. म्हणजे यंत्राचा तरी नाही. पडद्यामागची गंमत पुढे आहे. ग्लासगोचे प्राध्यापक जेम्स जेफ्रे यांचं शेवटपर्यंत म्हणणं होतं की ही कल्पना आपल्यालाही स्वतंत्रपणे सुचली होती, फक्त ती घडवून घ्यायला १७९० उजाडलं. हे जेफ्रे साधे गृहस्थ नव्हेत. १८१८ साली फाशी दिलेल्या एका खुन्याच्या प्रेतातून अँड्र्यू युअर यांच्या जोडीने विजेचा प्रवाह सोडून, त्याचे हातपाय हललेले भर सभेत दाखवणारे ते हेच. चेनसॉ आणि भयपट यांचा संबंध १९७४च्या एका सिनेमाने जुळला असं मानणाऱ्यांनी थोडं मागे जायला हरकत नाही.

जर्मन यंत्रवाल्यांत दोन तट आहेत, आणि जाणता संयोजक त्यांची टेबलं कधीच शेजारी लावत नाही. श्टीलवाले म्हणतात, आंद्रेआस श्टीलची करवत १९२६ची, तेव्हा पहिले आम्ही. डोल्मारवाले विचारतात, ती तर विजेवरची. जंगलात प्लग कुठल्या झाडाला लावायचा? एमिल लेर्पने १९२७ साली थुरिंजियातल्या डोल्मार नावाच्या डोंगरावर पेट्रोलची करवत चालवून पाहिली. श्टीलची पेट्रोलवरची यायला १९२९ लागलं. दोघंही खरं बोलतात, म्हणून तर भांडण मिटत नाही. लेर्पच्या त्या करवतीचं वजन ५८ किलो. ती ट्रकवर चढवायची वेळ आली की सगळे डोल्मारवाले मिळूनही हात कमी पडतात, आणि मग मुकाट्याने श्टीलवाल्यांना हाक मारली जाते. ते येतात. उचलूनही देतात. पण ट्रकवर ठेवताना "विजेची हलकी झाली असती" एवढं ऐकवल्याशिवाय हात सोडत नाहीत.

याच डोल्मार कंपनीने, झाक्स-डोल्मार या नावाखाली, १९७०च्या दशकात व्हँकेल इंजिनाची करवत काढली. पिस्टन वर-खाली करण्याऐवजी त्रिकोणी रोटर गरगर फिरवायचा, म्हणजे हाताला हादरे कमी. कल्पना उत्तम होती, पण करवतींच्या जगात ती रुजली नाही, आणि बाकी कुणीही पिस्टन सोडला नाही. म्हणूनच आज कुणाच्या टेबलावर केएमएस ४ नावाची ती करवत दिसली की त्याच्याभोवती गर्दी होते. या छंदात ज्याचा बाजारात खप झाला, त्याला भाव नसतो.

दुसऱ्या महायुद्धाचा भाग कंपन्यांच्या गौरवगाथांमध्ये साधारण दोन ओळींत उरकतात. श्टील नाझी पक्षात होते, एसएसमध्येही होते, आणि युद्धानंतर दोस्त राष्ट्रांनी त्यांना स्थानबद्ध केलं होतं. मेळाव्यात हा विषय निघाला की कार्बुरेटरची चर्चा एकदम रंगात येते. तिकडे अमेरिकेत त्याच काळात दुसरंच नाटक चाललं होतं. क्लॉड पूलन नावाचा माणूस पूर्व टेक्सासात कागदाच्या लगद्यासाठी लाकूड तोडून घेत होता आणि त्याच्या हाताखाली मजूर होते जर्मन युद्धकैदी. दोन माणसांनी धरायची करवत एकट्याला झेपावी म्हणून, असं सांगतात, १९४४ साली त्याने जुन्या ट्रकचा मडगार्ड वाकवला आणि त्याची कमान करून साखळी तिच्यावरून फिरवली. यातून पूलनची कंपनी उभी राहिली. ज्या देशाने पेट्रोलची करवत जंगलात आणली, त्याच देशाचे कैदी राबत असताना अमेरिकेची कमानदार करवत जन्मली, आणि कच्चा माल काय, तर भंगार.

आतापर्यंतच्या मंडळींत डॉक्टर झाले, इंजिनिअर झाले, मुकादम झाला. खरा लाकूडतोड्या एकच, जो कॉक्स. त्यानेही अक्कल घेतली ती अळीकडून. ऑरेगनच्या जंगलात १९४६ साली एका ओंडक्यात भुंगेऱ्याची अळी लाकूड पोखरताना त्याला दिसली. ही गोष्ट सर्वांना पाठ आहे : अळीचे जबडे इंग्रजी सी अक्षरासारखे, डावा-उजवा आळीपाळीने चालणारे, रेषेतलं असो की आडवं, लाकूड सारखंच कापणारे. त्याने पोर्टलंडच्या आपल्या घराच्या तळघरात तसे दाते पोलादात उतरवले आणि १९४७ साली साखळ्या विकायला काढल्या. छंदिष्टांची अडचण इथून सुरू होते. कॉक्सची साखळी इतकी सरस निघाली की जुन्या यंत्रांच्या मालकांनी आपली सरळ दात्यांची, वारंवार घासावी लागणारी साखळी काढून भंगारात टाकली आणि नवी चढवली. त्यामुळे १९४०च्या आधीचं यंत्र एक वेळ मिळतं, त्याची मूळ साखळी मिळत नाही. आमच्यातल्या एकाने अशी साखळी शोधण्यात उमेदीची वर्षं घालवली. शेवटी ती मिळाली तेव्हा एका शेतकऱ्याच्या फाटकाला कुलूप लावायला वापरलेली होती. शेतकरी साखळी द्यायला तयार होता. किल्ली हरवली होती.

रॉबर्ट मॅककलक यांच्यावर मात्र सावकाश बोलायला हवं, कारण इतका हौशी करवतवाला पुन्हा झाला नाही. १९४९ साली त्यांच्या कंपनीने ३-२५ हे मॉडेल आणलं : २५ पौंडांचं, एका माणसाने धरायचं, पिवळंधमक. पैसा आला. मग त्यांनी ॲरिझोनाच्या वाळवंटात हवासू तलावाकाठी जमीन घेतली, तिथे शहर वसवायला घेतलं आणि शहराला रोजगार हवा म्हणून करवतींचा कारखानाही तिथेच नेला. झाडं तोडायच्या यंत्राचा कारखाना, आणि नजर पोहोचेल तिथवर तोडण्याजोगं झाड नाही!

शहराला पाहुणे येईनात, तेव्हा १९६८ साली त्यांनी लंडन ब्रिज विकत घेतला. बोली लावली २४ लाख ६० हजार डॉलरची. या आकड्याची आतली गोष्ट अशी सांगतात : पूल उतरवायचा खर्च १२ लाख धरला, तो दुप्पट केला, आणि पूल ॲरिझोनात उभा राहील तेव्हा आपलं वय साठ असेल म्हणून वर्षाला हजार याप्रमाणे साठ हजार वर टाकले. त्यांना टॉवर ब्रिजच घ्यायचा होता, चुकून भलताच पूल गळ्यात पडला, ही अफवा तुम्ही ऐकली असेल. मॅककलक यांनी ती नाकारली, विक्रीच्या पाठीमागचे लंडनचे नगरसेवक आयव्हन लकिन यांनीही नाकारली. अफवेने दोघांकडेही लक्ष दिलं नाही. खरी कमाल तर वेगळीच आहे. दर्शनी दगडांवर आकडे घालून ते समुद्रमार्गे आणले, काँक्रीटच्या सांगाड्यावर बसवले, आणि हे सगळं केलं कोरड्या जमिनीवर. पूल बांधून होईपर्यंत खाली पाणी नव्हतंच. कालवा नंतर खणला. १० ऑक्टोबर १९७१ला थाटात उद्घाटन झालं तेव्हा मॅककलक साठ वर्षांचे होते, म्हणजे बोलीतला हिशेब चोख निघाला.

मॅककलकवाल्यांचं खरं वैर मात्र प्रतिस्पर्धी होमलाइट करवतवाल्यांशी नाही, गो-कार्टवाल्यांशी आहे. शर्यतीच्या छोट्या गाड्यांना १९५०च्या दशकाच्या शेवटी कंपनीने करवतीच्या इंजिनावरूनच इंजिन करून दिलं. तेव्हापासून जुन्या कार्टचे शौकीन करवतींचे सुटे भाग हुंगत मेळाव्यात शिरतात. त्यांना ओळखण्याची खूण सोपी : करवतवाला आधी पट्टी आणि साखळी बघतो, कार्टवाला थेट इंजिनावरचा नंबर वाचतो. एकदा एका म्हाताऱ्याने असं गिऱ्हाईक ओळखलं आणि किंमत दुप्पट सांगितली. गिऱ्हाइकाने घासाघीस न करता पैसे मोजले, तिथेच पाना काढला, इंजिन सोडवून पिशवीत घातलं आणि उरलेली करवत म्हाताऱ्याला परत देऊन गेला.

राहता राहिला तो १९७४चा सिनेमा. टोबी हूपरच्या 'द टेक्सास चेन सॉ मॅसकर'मधली करवत पूलनची, मॉडेल ३०६ए. त्याच मडगार्डवाल्या पूलनची. चित्रीकरणात ती चालती होती. शेवटच्या प्रसंगात मुखवटा घातलेला नट गन्नार हॅन्सन पडतो आणि करवत त्याच्या मांडीत घुसते, तेव्हा पँटखाली पोलादी पत्रा होता, त्यावर मांसाचा तुकडा आणि रक्ताची पिशवी. मांस कापून साखळी पत्र्यावर घासली, पत्रा तापला. पडद्यावरचं ते ओरडणं पूर्ण अभिनयाचं नाही. निर्मात्यांना मात्र भीती वेगळीच होती. कंपनीने कोर्टात खेचू नये म्हणून करवतीवरचं नाव त्यांनी काळी पट्टी चिकटवून झाकलं. आज याच ३०६एसाठी हौशी लोक हवी ती किंमत मोजतात, महिनोन्‌महिने खपून रंग मूळ छटेत आणतात, पुसट झालेली अक्षरं नीट रेखून घेतात. सगळं मनासारखं झालं की त्या अक्षरांवर काळी पट्टी चिकटवतात.