लाँगवेव्ह रेडिओ घरी बनवला, पण नेसरीत ऐकू काय येणार?

नेसरी (ता. गडहिंग्लज) : व्हिडिओ पाहून लाँगवेव्ह रेडिओ जोडला, सेल टाकला आणि कानावर आली नुसती खरखर. अशा वेळी बहुतेक जण सोल्डरिंगमधली चूक शोधत बसतात. पण जोडणी बरोबर असली तरी हेच होणार, कारण भारतात या पट्ट्यावर रेडिओ केंद्रच नाही. मग मेहनत वाया गेली का? अजिबात नाही. समजून घेऊया.

लाँगवेव्ह म्हणजे काय?
साधारण १४८.५ ते २८३.५ किलोहर्ट्झचा पट्टा. बीबीसीच्या ड्रॉइटविच केंद्राची १९८ किलोहर्ट्झची लहर सुमारे दीड किलोमीटर लांबीची. अशा लहरी जमिनीलगत दूरवर जातात. हा पट्टा मुख्यतः युरोपात वापरला गेला; आकाशवाणी मिडीयम वेव्हवर वाढली. आता युरोपातही तो ओस पडतोय. आयर्लंडचे २५२ किलोहर्ट्झवरील प्रक्षेपण एप्रिल २०२३ मध्ये थांबले.

साहित्य काय लागते?
- फेराइट रॉड आणि इनॅमलची तांब्याची तार
- जुन्या रेडिओतला गँग कंडेन्सर
- टीए ७६४२ ही तीन पायांची आयसी, काही रेझिस्टर-कपॅसिटर
- दीड व्होल्टचा एक सेल
- क्रिस्टल इअरफोन (स्पीकर हवा असल्यास वेगळा अॅम्प्लिफायर)

खरी गंमत कॉइलमध्ये
त्याच रॉडवर वेढे तिप्पट केले की इंडक्टन्स साधारण नऊपट होतो आणि फ्रिक्वेन्सी एक तृतीयांशावर येते. मिडीयम वेव्हला साधारण ६० वेढे लागत असतील, तर लाँगवेव्हला १८० च्या आसपास. म्हणजेच वेढे कमी केले की तोच संच मिडीयम वेव्हचा होतो.

मग नेसरीत काय शोधायचे?
मिडीयम वेव्हवर आकाशवाणी सांगलीची जागा १२५१ आणि धारवाडची ७६५ किलोहर्ट्झ. दोन्ही शहरे सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास. रॉडची बाजू केंद्राकडे हवी, टोक नको. सांगली उत्तरेला असल्याने रॉड पूर्व-पश्चिम आडवा धरा. मात्र देशातील अनेक मिडीयम वेव्ह ट्रान्समीटर टप्प्याटप्प्याने बंद झाले आहेत. म्हणून आधी घरातल्या जुन्या रेडिओवर केंद्र लागते का, ते तपासा.

लाँगवेव्हचीच हौस असेल, तर २०० ते ४०० किलोहर्ट्झच्या दरम्यान काही विमानतळांचे बीकन मोर्समध्ये आपली ओळख पाठवतात. पण बीकन चालू आणि जवळ असेल तरच ते ऐकू येईल.

खरखर कमी कशी कराल?
एलईडी बल्ब आणि मोबाइल चार्जर हे मोठे शत्रू. संच घराबाहेर, मोकळ्यावर न्या. लाइट गेल्यावर तर नक्की लावून पाहा. शेजारपाजारचे चार्जरही तेव्हा गप्प असतात. वळवाच्या दिवसांत विजांचा कडकडाट मात्र रेडिओतही ऐकू येईल. ढग गडगडत असतील तर बाहेर थांबू नका.

परवाना लागतो का?
रेडिओ केंद्रे ऐकण्यासाठी नाही. प्रक्षेपण करायचे असेल तर लागतो.

थोडक्यात, पहिली कॉइल मिडीयम वेव्हची गुंडाळा. तिच्यावर आवाज आला की जोडणी बरोबर आहे हे कळेल. लाँगवेव्हचे वेढे त्यानंतर.