फोंदात्सा गल्लीतल्या बाटल्या

इटलीतल्या बोलोन्या शहरात फोंदात्सा नावाची एक साधी गल्ली आहे. वडील वारल्यानंतर, १९१० मध्ये, चित्रकार जॉर्जो मोरांदी आई आणि तीन बहिणींसोबत या गल्लीत राहायला आला. १९६४ मध्ये, वयाच्या ७३व्या वर्षी, तो गेला तोही इथेच. चौघा भावंडांपैकी कुणीच लग्न केलं नाही. मोरांदीच्या खोलीत एकेरी खाट, इझल, टेबलं आणि सामानाने भरलेल्या फळ्या. आणि तिथे पोचायचं तर बहिणींच्या खोलीतून जावं लागे. विसाव्या शतकातली काही फार मोठी चित्रं या खोलीत झाली. त्यांत दिसतात बाटल्या, पत्र्याचे डबे, फुलदाण्या, तेलाचे दिवे.

युरोपात स्थिरचित्राला फार काळ मान नव्हता. १६६७ मध्ये फेलिबियाँ या फ्रेंच लेखकाने चित्रविषयांची उतरंड मांडली, तेव्हा धर्म-इतिहासातले प्रसंग सगळ्यांत वर आणि फळं-शिंपल्यांसारख्या निर्जीव वस्तू तळाला ठेवल्या. पुढे शार्दाँ या फ्रेंच चित्रकाराने स्वयंपाकघरातल्या भांड्यांना प्रतिष्ठा मिळवून दिली. मोरांदीचं शार्दाँवर प्रेम होतं, सेझान या चित्रकारावरही. मात्र त्याने या दोघांपेक्षा वेगळी वाट धरली.

चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेला ज्यांनी स्थिरचित्र काढलंय त्यांना आठवेल, तांब्याच्या फुगीर पोटावर पांढरा ठिपका नेमका पडला की धातू चमकायला लागतो. मोरांदीला ती चमकच नको होती. तो बाटल्यांच्या आत रंग ओतायचा, काहींना बाहेरून रंग फासायचा, डब्यांवरची छापील नावं झाकून टाकायचा. धूळ बसली तर बसू द्यायचा, म्हणजे काचेचा उरलासुरला तकाकही जाई. बाटलीत काय होतं, ती कुठल्या दुकानातून आली, हे सगळं पुसलं की उरतो आकार, त्यावर पडलेला उजेड आणि शेजारच्या वस्तूपासूनचं अंतर. माझ्या मते त्याचा खरा विषय हे अंतरच आहे. टेबलावर अंथरलेल्या कागदावर तो प्रत्येक वस्तूच्या बुडाभोवती पेन्सिलीने खुणा करून ठेवत असे. एकमेकींवर चढलेल्या त्या रेघा आजही पाहायला मिळतात. एखादा डबा बोटभर सरकवला की त्याच्यासाठी ते नवं चित्र होई.

त्याचं १९५०च्या दशकातलं एखादं चित्र जवळून पाहावं. मधोमध उभ्या पन्हळींची पांढरी बाटली, तिला खेटून दोन-तीन चौकोनी डबे. मागच्या डब्याची वरची कड पुढच्या वस्तूच्या कडेला अशी जुळवलेली असते की कोण पुढे, कोण मागे, हे ठरता ठरत नाही. दोन वस्तूंमधली फट त्याने वस्तूइतक्याच दाट रंगाने भरलेली असते, त्यामुळे ती पोकळीही एखाद्या भांड्यासारखी उभी राहते. रंग मातकट, राखी, फिकट गुलाबी. कडा किंचित थरथरत्या. पाहत राहिलं की आपण टेबल विसरतो आणि दाटीवाटीने उभं असलेलं एखादं गाव दिसू लागतं.

या सगळ्यावरून मोरांदीला संन्यासी ठरवण्याची प्रथा पडली आहे, ती मला पटत नाही. बोलोन्याच्या कला अकादमीत त्याने १९३० ते १९५६ अशी २६ वर्षं एचिंग हे छापचित्रांचं तंत्र शिकवलं. १९४३ मध्ये फॅसिस्टविरोधी मित्रांशी असलेल्या संबंधांमुळे काही दिवस तुरुंगही पाहिला. १९४८ मध्ये व्हेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनात आणि १९५७ मध्ये साओ पाउलोत त्याला चित्रकलेचे मोठे सन्मान मिळाले. फेलिनीच्या ‘ला दोल्चे व्हिता’ या चित्रपटात एका बुद्धिजीवी माणसाच्या घरी मोरांदीचं चित्र टांगलेलं दिसतं. जग त्याच्या दारापर्यंत येत होतं. त्याने तीच बाटली पुन्हा मांडली ती जग टाळायला नव्हे, त्या बाटलीतलं काम अजून संपलं नव्हतं म्हणून.

फोंदात्सा गल्लीतलं हे घर २००९ पासून लोकांसाठी खुलं आहे. चित्रांचा मोठा संग्रह त्याच शहरातल्या माम्बो या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे. छापील पुस्तकांत त्या राखाडी छटांमधले बारीक फरक मरून जातात, म्हणून मूळ चित्रं पाहायलाच हवीत. बोलोन्याला जाणाऱ्याने आधी संग्रहालय पाहावं, घर नंतर. उलट केलं तर नजर चित्रात ओळखीची बाटली शोधत बसते, आणि मोरांदीने जे पुसायला इतके कष्ट घेतले तेच आपण पुन्हा लिहून काढतो.