धावफलकावर नसलेले नाव

क्रिकेटच्या धावफलकावर अकरा खेळाडूंची नावे असतात, प्रशिक्षकाचे नसते. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये प्रशिक्षक मैदानाच्या कडेला उभा राहून चालींची आज्ञा देतो, आणि जयापजयाचा हिशेब त्याच्याच नावावर मांडला जातो. क्रिकेटमध्ये खेळ सुरू होताच सूत्रे कर्णधाराच्या हाती जातात. प्रशिक्षकाचे बरेचसे काम त्यापूर्वीच झालेले असते. आम्हां शिक्षकांचेही तसेच आहे. आमची सोबत परीक्षागृहाच्या दारापर्यंतच! मग अशा माणसाचे मोल कशावरून करावे? आपल्या वडोदऱ्याच्या अंशुमन गायकवाड यांची कारकीर्द या दृष्टीने पाहण्याजोगी आहे.

वडील दत्ताजीराव हे १९५९ साली इंग्लंडमध्ये भारताचे कर्णधार होते. अंशुमन यांनी १९७४ ते १९८४ या काळात ४० कसोटी सामने खेळून १९८५ धावा केल्या. हे आकडे डोळे दिपविणारे नव्हेत. परंतु १९७६ साली किंग्स्टनच्या खेळपट्टीवर वेस्ट इंडीजच्या वेगवान गोलंदाजांचे तडाखे अंगावर झेलीत ते ८१ धावांपर्यंत टिकले, आणि होल्डिंग यांचा चेंडू कानावर बसला तेव्हाच मैदानाबाहेर गेले. पुढे १९८३ मध्ये जालंधरला पाकिस्तानविरुद्ध ६७१ मिनिटे उभे राहून त्यांनी २०१ धावा केल्या. टिकून राहणे ही त्यांची विद्या होती.

१९९७ साली ते भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी मालिका भारताने २-१ अशी जिंकली. पाठोपाठ शारजातील विजय आला. फेब्रुवारी १९९९ मध्ये दिल्लीस अनिल कुंबळे यांनी एका डावात दहाही बळी घेतले. हे यश खेळाडूंचे होते, आणि श्रेयही त्यांनाच मिळाले, ते योग्यच! त्याच वर्षी विश्वचषकात संघ उपांत्य फेरी गाठू शकला नाही, आणि काही महिन्यांतच प्रशिक्षकपद कपिल देव यांच्याकडे गेले.

तरीही २००० साली पुन्हा बोलावणे आले, तेव्हा ते गेले. नैरोबीच्या स्पर्धेत भारत अंतिम सामन्यात न्यूझीलंडकडून हरला. धावफलकावर पराभवाचीच नोंद राहिली. मात्र त्याच स्पर्धेत युवराज सिंग आणि बडोद्याकडून खेळणारा झहीर खान या दोन तरुणांनी एकदिवसीय क्रिकेटमध्ये पहिले पाऊल टाकले. २०११ साली भारताने विश्वचषक जिंकला, त्यात या दोघांचा वाटा केवढा होता, हे आपण जाणताच.

अंशुमन गायकवाड ३१ जुलै २०२४ रोजी रक्ताच्या कर्करोगाने निवर्तले. त्याच वर्षी फेब्रुवारीत दत्ताजीरावही गेले होते. आजारपणात जुने सहकारी मदतीला धावून आले, मंडळानेही एक कोटी रुपये दिले. सोबत्यांच्या मनातील ही जागा कोणत्याही धावफलकावर दिसत नाही. म्हणून श्रोतेहो, संघ हरला की प्रशिक्षकाला दोष देण्यापूर्वी थोडे थांबावे. त्याने पेरलेले पीक पुष्कळदा तो शेत सोडून गेल्यावर कापणीस येते.