खेळाडूची पारख आणि आकडे

शाळेचा संघ निवडण्याचे दिवस आले की मैदानावर एक वाद हमखास रंगतो. ‘अमक्याला घेतले, मग तमक्याला का वगळले?’ जो तो आपल्या मित्राची बाजू घेतो आणि ज्याचा आवाज मोठा त्याचे म्हणणे खरे ठरते. अशा वेळी कोणी समंजस मुलगा म्हणतो, ‘भांडता कशाला? वहीतले आकडे पाहा.’ सल्ला उत्तम आहे. परंतु आकडे पाहणे हीसुद्धा शिकण्याची गोष्ट आहे. चुकीचा आकडा पाहून एखादा गुणी मुलगा वगळला गेला, तर त्याचे ते वर्ष वाया जाते. आणि तो दहावीत असेल, तर शाळेच्या मैदानावर त्याला पुन्हा संधी मिळत नाही. म्हणून हा विषय थोडा समजून घेऊ.

आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात घरोघरी कापूस पिकतो. एका शेतकऱ्याने चाळीस क्विंटल कापूस काढला आणि दुसऱ्याने तीस, एवढ्यावरून पहिला अधिक कुशल असे आपले वडील कधी म्हणतील काय? ते आधी विचारतील, ‘किती एकरांत?’ मग विचारतील, ‘खर्च किती आला?’ आणि शेवटी, ‘जमीन कशी होती? पाऊस कसा झाला?’ हेच तीन प्रश्न खेळाडूच्या आकड्यांनाही विचारावयाचे असतात.

प्रथम सरासरीचा विचार करू. क्रिकेटमध्ये फलंदाजाच्या एकूण धावांना तो जितक्या वेळा बाद झाला त्या संख्येने भागले की त्याची सरासरी निघते. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यास महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड हा रणजी करंडकाचा सामना झाला. त्यात भाऊसाहेब निंबाळकर यांनी नाबाद ४४३ धावा केल्या. त्या वेळचा जागतिक उच्चांक डॉन ब्रॅडमन यांच्या ४५२ धावांचा होता. तो अवघ्या ९ धावांवर असताना काठियावाडच्या संघाने खेळ सोडून दिला आणि उच्चांक हुकला! परंतु प्रथम श्रेणीच्या साऱ्या सामन्यांतील निंबाळकरांची सरासरी पाहिली, तर ती ४७.९३ भरते. ही सरासरीही मानाचीच आहे. मात्र ४४३ आणि ४७.९३ हे दोन आकडे दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. पहिला आकडा त्या खेळाडूची झेप कोठवर गेली हे सांगतो. दुसरा सांगतो, तो मैदानात उतरला असता त्याच्याकडून सामान्यतः किती धावांची अपेक्षा ठेवावी. एका दिवसाच्या पराक्रमावरून वर्षभराचा अंदाज बांधू नये, तसाच एका दिवसाच्या अपयशावरूनही बांधू नये.

आता गोलंदाजीकडे वळू. येथे दोन मराठी गोलंदाजांची तुलना फार बोधप्रद आहे. एक मुंबईचे सुभाष गुप्ते आणि दुसरे नाशिकला जन्मलेले बापू नाडकर्णी. गुप्ते यांनी ३६ कसोटी सामन्यांत १४९ बळी घेतले. त्यांना एका बळीसाठी सरासरी २९.५५ धावा द्याव्या लागल्या. नाडकर्णी यांनी ४१ सामन्यांत ८८ बळी घेतले आणि त्यांची सरासरी २९.०७ आहे. केवळ सरासरी पाहणारा म्हणेल, ‘दोघे सारखेच!’

पण आणखी दोन हिशेब करून पाहा. गुप्ते यांना एक बळी मिळवण्यास सुमारे ७६ चेंडू लागत. नाडकर्णी यांना सुमारे १०४. उलट, गुप्ते एका षटकात सरासरी २.३४ धावा देत, तर नाडकर्णी केवळ १.६७. म्हणजे सरासरी सारखी असली तरी दोघांचे काम अगदी भिन्न होते. गुप्ते लेगब्रेक टाकून, थोड्या धावांची किंमत मोजून, फलंदाजाला मोहात पाडीत आणि बाद करीत. १९५८ साली कानपूर येथे वेस्ट इंडीजच्या एकाच डावात त्यांनी १०२ धावांत ९ बळी घेतले. डावखुरे नाडकर्णी टिच्चून एकाच टप्प्यावर चेंडू टाकीत आणि फलंदाजाला जखडून ठेवीत. सामना जिंकण्यासाठी गडी लवकर बाद करावयाचे असतील तर कर्णधार गुप्ते यांच्या हाती चेंडू देईल. धावांचा ओघ थोपवावयाचा असेल तर नाडकर्णी यांच्या. ‘दोघांत श्रेष्ठ कोण?’ या प्रश्नाला येथे उत्तर नाही, ‘कोणत्या कामासाठी?’ असे विचारले की मात्र उत्तर लगेच मिळते.

नाडकर्णी यांचा मद्रासचा पराक्रम तर सर्वश्रुत आहे. जानेवारी १९६४ मध्ये इंग्लंडच्या पहिल्या डावात त्यांनी ३२ षटके टाकली; त्यांपैकी २७ निर्धाव होती, त्यातही २१ ओळीने! एकूण धावा दिल्या अवघ्या ५. मात्र बळींच्या रकान्यात शून्य. त्याच डावात आपल्या पुण्याचे चंदू बोर्डे यांनी ८८ धावांत ५ गडी बाद केले. एका बाजूने धावाच निघत नाहीत म्हणून दुसऱ्या बाजूला फलंदाज अधीर झाले असतील काय? धावफलक त्याचे उत्तर देत नाही. पाच बळी तो एकट्या बोर्डे यांच्याच नावावर मांडतो. खेळातील पुष्कळसे काम असे दुसऱ्याच्या खात्यावर जमा होत असते.

ही अडचण सर्वच सांघिक खेळांत आहे. ऑस्ट्रेलियात त्यांच्या स्वतःच्या नियमांचा एक फुटबॉल खेळला जातो. अंडाकृती मैदान, प्रत्येक बाजूला १८ खेळाडू, गोल झाला तर ६ गुण आणि नेम थोडा हुकून चेंडू बाजूच्या खांबांमधून गेला तर १ गुण, असा त्याचा हिशेब असतो. केवळ गोल मोजले तर पुढच्या फळीचेच खेळाडू थोर ठरतील. म्हणून तेथे किक किती मारल्या, झेल किती घेतले, प्रतिस्पर्ध्याला किती वेळा अडवले, हेही मोजतात. इतकेच नव्हे, तर प्रतिस्पर्ध्याच्या हाती येणारा चेंडू ठोसून दूर घालवणे, त्याची किक अंगावर घेऊन रोखणे, सोबत्याला वाट करून देणे, अशा सहसा नजरेत न भरणाऱ्या कामांचीही नोंद करतात आणि त्यांना ‘एक टक्क्याची कामे’ म्हणतात. अशी अनेक लहान कामे मिळूनच सामना जिंकला जातो.

आता आपल्या कबड्डीकडे येऊ. समजा, एका मुलाने वीस चढायांत १० गुण मिळवले, पण तो ८ वेळा पकडला गेला. दुसऱ्याने तितक्याच चढायांत ८ गुण मिळवले आणि तो २ वेळाच पकडला गेला. टाळ्या पहिल्याला पडतात. परंतु प्रत्येक पकडीचा एक गुण विरुद्ध संघाला मिळतो. तो वजा केला तर पहिल्याची निव्वळ कमाई २ आणि दुसऱ्याची ६ उरते. शिवाय आपला गडी बाहेर बसला की मैदानात एक हात कमी होतो, तो तोटा निराळाच. तसेच पकड यशस्वी झाली की प्रथम घोटा धरणाऱ्याचे नाव होते. ज्याने साखळी सुटू दिली नाही त्याचे नाव कोण लिहितो?

तेव्हा मित्रहो, यंदा प्रत्येक वर्गाने एक साधी वही घालावी. तीत चढाया, मिळवलेले गुण, पकडले गेल्याच्या वेळा, केलेल्या पकडी आणि पकडीला दिलेली साथ असे रकाने आखावेत. एका सामन्यावर न थांबता सर्व सामन्यांची नोंद ठेवावी आणि समोरचा संघ कसा होता हेही शेजारी लिहावे. वही लिहिणारा मुलगा संघात नसला तरी चालेल; त्याचे कामही एक टक्क्याचेच आहे.

आकड्यांची साक्ष जरूर घ्यावी, पण आधी प्रश्न नेमका ठरवावा, आणि जे वहीत मावत नाही ते डोळ्यांनी पाहावे. असे केले तर निवड झालेल्या मुलाला आपण का निवडले गेलो हे कळेल, आणि वगळलेल्या मुलालाही, पुढच्या वर्षी कशाचा सराव करावा, ते कळेल.