आंब्यावरची आमरी म्हणजे बांडगूळ नव्हे



मे महिन्याच्या अखेरीस आम्ही माले गावाकडे एका सभासदाच्या घरी लग्नाला गेलो होतो. अंगणाच्या कडेला जुना आंबा. त्याच्या बेचक्यातून पांढऱ्या-गुलाबी ठिपकेदार फुलांच्या हातभर वेण्या लोंबत होत्या. यजमान म्हणाले, "पाव्हणे गेले की कोयत्यानं काढतो हे बांडगूळ. झाड शोषून खातंय." आम्ही त्यांना थांबविले. तिथे झालेले बोलणे सर्वांच्याच उपयोगाचे आहे, म्हणून इथे देत आहोत.

ते बांडगूळ नव्हते, ती सीतेची वेणी होती. ही आमरीची एक जात. आमरीलाच शहरात ऑर्किड म्हणतात आणि पैसे मोजून विकत घेतात!

दोहोंतला फरक ऊसवाल्याला समजायला अवघड नाही. उसातला टारफुला आठवा. तो उसाच्या मुळात मूळ घुसवून आयते अन्नपाणी ओढतो. बांडगूळ हेच काम फांदीवर करते. फुलटोच्या पक्षी त्याची फळे खातो, चिकट बी फांदीला लागते, आणि रुजताच त्याचे मूळ सालीतून थेट लाकडात शिरते. तिथे फांदीला गाठ येते, पुढचा शेंडा वाळत जातो. बांडगूळ वरवर खुडून भागत नाही, ते पुन्हा फुटते. गाठीच्या खालून फांदीच कापावी लागते.

आमरीचे मूळ मात्र सालीवरच राहते, लाकडात जात नाही. झाड तिला फक्त बसायला जागा देते. मग ती जगते कशावर? तिच्या मुळांवर पांढरट, स्पंजासारखे वेष्टण असते. पाऊस किंवा धुके लागले की ते टिपकागदासारखे पाणी शोषते, आणि ओले झाले की मूळ हिरवट दिसते. सालीवरून ओघळणारे पाणी, फटीत साचलेली धूळ, कुजलेला पाला, एवढ्यावर तिचे भागते. ताम्हिणीच्या बाजूला पावसाळ्यात पाणी अमाप, पण दिवाळीनंतर सात महिने कोरडे. म्हणून काही आमऱ्या उसाच्या कांडीसारख्या जाड खोडात पाणी साठवितात, आणि उन्हाळ्यात पाने गाळून नुसत्या कांड्यांवर राहतात. जाड पानांच्या कित्येक आमऱ्या पानांवरची छिद्रे दिवसा मिटून रात्री उघडतात, म्हणजे पाणी कमी उडते.

कोणत्याही झाडावर ती येत नाही. ऐनाची भेगाळलेली साल, जुना आंबा, जांभूळ ही तिची आवडती ठिकाणे, कारण तिथे ओल धरते आणि साल जागची हलत नाही. पेरू किंवा निलगिरी साल टाकते, तिच्यासोबत रोपही जाते. मुळशी-मावळातल्या देवरायांत आमऱ्या भरपूर दिसतात त्याचे कारणही हेच. तिथे कोयता चालत नाही, म्हणून झाडे म्हातारी होतात.

तिचे बी तर पिठासारखे. एका बोंडात लाखाच्या घरात असते, पण त्यात अन्नाचा साठा नाही. ठराविक बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते, आणि फुलावर यायला कित्येक वर्षे लागतात. म्हणजे कोयत्याचे काम दोन मिनिटांचे, भरपाई मात्र आपल्या नातवाच्या वेळी.

आणखी एक नुकसान नकळत होते. भाताच्या राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडल्या जातात, त्यांवरच्या आमऱ्याही त्यातच जळतात. राब बंद करा असे आम्ही म्हणणार नाही, भात आधी. पण फांदी निवडताना वर एकदा बघायला काय जाते? तोडलेल्या किंवा वाऱ्याने पडलेल्या फांदीवर आमरी सापडली, तर पावसाच्या सुरुवातीला ती घराजवळच्या आंब्याच्या खरबरीत सालीला काथ्याने बांधावी. खाली माती किंवा शेण घालू नये, मुळे कुजतात. जमली तर पावसाळ्यातच नवी मुळे साल धरतात, मग काथ्या काढला तरी चालतो.

फार जुनी, किडकी फांदी आमऱ्यांच्या ओल्या ओझ्याने मोडू शकते, हे खरे. तिथे फांदीला टेकू द्यावा किंवा रोपे दुसरीकडे हलवावीत.

ही रोपे मागायला शहरातून कोणी आले तर एवढे सांगावे, की ताम्हिणीचे जंगल २०१३ पासून अभयारण्य आहे, आणि तिथून एकही रोप काढता येत नाही.

आमच्या यजमानांनी कोयता परत अडकवला. त्यांच्या सूनबाईंनी मात्र विचारले, "याची एक वेणी डोक्यात माळली तर चालेल ना?" चालेल. झाडावर बाकीच्या ठेवा म्हणजे झाले.