पदविकेचे मोल आणि मान्यतेचा शिक्का

दहावीचा निकाल लागला की अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते : अकरावी विज्ञान शाखेला प्रवेश घ्यावा की तंत्रनिकेतनात अभियांत्रिकीच्या पदविकेला? तीन वर्षांत हाताला काम मिळते आणि खर्चही आवाक्यात राहतो, ही पदविकेची जमेची बाजू सर्वांना ठाऊक असते. ‘पण पुढे विद्यापीठ ही पदविका मानते का?’ या प्रश्नाचे नेमके उत्तर मात्र फार थोड्या घरांत मिळते. प्रश्न साधा दिसतो. तथापि त्याच्या चुकीच्या उत्तरावर विसंबलेल्या अनेकांना भर नोकरीत काय सोसावे लागले, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरी आहे.

नावावरून पारख नको

‘पदविका’ म्हणजे कमी आणि ‘पदवी’ म्हणजे श्रेष्ठ, असा समज समाजात खोलवर रुजला आहे. इतिहास मात्र वेगळेच सांगतो. पुण्यात १८५४ साली सुरू झालेल्या अभियांत्रिकी शिक्षणाची पुढे मुंबई विद्यापीठाशी संलग्नता झाली. त्या काळी तेथील विद्यार्थ्यांना आजच्यासारखी ‘बी.ई.’ नव्हे, तर ‘एल.सी.ई.’, म्हणजे स्थापत्य अभियांत्रिकीतील परवानाधारक, ही उपाधी मिळत असे. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३ साली पुण्याहून हीच परीक्षा उत्तीर्ण झाले. कागदावरील नाव पदवीचे नव्हते. पण त्यामागे विद्यापीठ उभे होते आणि शासन त्या कागदावर नेमणुका करीत होते. तात्पर्य, प्रमाणपत्रावर काय लिहिले आहे याइतकेच ते कोणी दिले आणि कोणत्या अधिकाराने दिले, हे महत्त्वाचे आहे.

चार शब्द, चार अर्थ

या विषयात चार शब्दांची नित्य गल्लत होते. ‘मान्यता’ म्हणजे संस्थेला तो अभ्यासक्रम चालविण्याची परवानगी. तंत्रशिक्षणात ती अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद देते. १९८७ च्या कायद्याने या परिषदेला वैधानिक अधिकार मिळाले. मान्यता एकदा मिळाली की कायमची झाली, असे नाही. तिला मुदतवाढ घ्यावी लागते.

‘संलग्नता’ म्हणजे महाविद्यालय एखाद्या विद्यापीठाशी जोडलेले असणे. पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यानुसार केवळ कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थांना आहे. पदविकेची व्यवस्था निराळी आहे. महाराष्ट्रात बहुतांश तंत्रनिकेतनांचा अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदविका महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाकडे असतात. हे मंडळ १९९७ च्या राज्य कायद्याने स्थापन झाले आहे. म्हणून ‘आमचे तंत्रनिकेतन कोणत्याही विद्यापीठाशी संलग्न नाही’ हे ऐकून पालकांनी घाबरण्याचे कारण नाही. पदविकेच्या बाबतीत पाहायचे ते मंडळाचे नाव.

‘समकक्षता’ म्हणजे एका विशिष्ट कामापुरता एक कागद दुसऱ्याच्या तोलाचा मानणे. ती सरसकट नसते. नोकरीसाठी ग्राह्य धरलेला कागद उच्च शिक्षणाच्या प्रवेशासाठी चालेलच, असे नाही. चौथा शब्द ‘मानांकन’. राष्ट्रीय मानांकन मंडळ अभ्यासक्रमाचा दर्जा तपासून ते देते. मान्यता ही किमान अट होय, तर मानांकन ही गुणवत्तेची पावती.

पुढे जाण्याची वाट

या व्यवस्थेत पदविकाधारकासाठी एक प्रशस्त दार उघडे आहे. मान्यताप्राप्त पदविका किमान ४५ टक्के गुणांनी (राखीव प्रवर्गासाठी ४० टक्के) उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा दोन वर्षांचा योग्य अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यालाही पदविकेच्या दुसऱ्या वर्षाची वाट मोकळी आहे. म्हणजेच कारागीर, पर्यवेक्षक आणि अभियंता या तिन्ही पायऱ्या एकाच जिन्याच्या आहेत. विद्यापीठाने पदविकेला दिलेली खरी मान्यता ती हीच : पहिल्या वर्षाचे श्रम वाया जात नाहीत.

अर्थात ही वाट चढणीची आहे. पदविकेत कार्यशाळा आणि प्रात्यक्षिके यांवर भर असतो. पदवीच्या दुसऱ्या वर्षात उच्च गणित एकदम समोर येते. म्हणूनच गणित, भौतिकशास्त्र आदी विषयांचे पूरक वर्ग विद्यापीठांनी घ्यावेत, असे तंत्रशिक्षण परिषदेने सुचविले आहे. प्रवेश घेताना असे वर्ग प्रत्यक्ष भरतात का, याची विचारणा जरूर करावी.

आडवाटेचे मोल

हा जिना सोडून आडवाट धरली तर काय होते, याचा धडा ३ नोव्हेंबर २०१७ रोजी मिळाला. ओडिशातील उपसा सिंचन महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवशी निकाल दिला. पीठावर न्या. आदर्शकुमार गोयल आणि न्या. उदय लळित होते. काही अभिमत विद्यापीठांनी तंत्रशिक्षण परिषदेच्या परवानगीविना दूरशिक्षणाने अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. त्या घेणाऱ्यांत नोकरी सांभाळून बढतीची आस धरणारे पदविकाधारक होते. कामावरून परतून अभ्यास करणारी ही माणसे आळशी नव्हती की लबाडही नव्हती. त्यांचा विश्वास ‘विद्यापीठ’ या शब्दावर होता.

न्यायालयाने २००१ ते २००५ या शैक्षणिक वर्षांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित केल्या. परिषदेने घेतलेली परीक्षा दोन संधींत उत्तीर्ण झाल्यासच त्या कायम राहणार होत्या. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या थेट रद्द ठरल्या आणि त्यांच्या आधारे मिळालेले लाभही काढून घेण्यास सांगण्यात आले. मागाहून दिलेली मंजुरी मूळ दोष धुऊन काढीत नाही, हे या निकालाचे सार होय. शुल्क परत मिळू शकते. आयुष्याची वर्षे कोण परत करणार? पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनी अभियांत्रिकीची पदवी दूरशिक्षणाने वा ऑनलाइन देण्यास मनाई केली.

काळानुसार नियम बदलतात, याचे दुसरे उदाहरण ‘ए.एम.आय.ई.’ या परीक्षेचे. अनेक दशके नोकरदार पदविकाधारकांचा ती मोठा आधार होती. परंतु पदवीशी तिची समकक्षता ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांपुरतीच राहिली. थोरल्या भावाला जो मार्ग फळला, तोच धाकट्याला फळेल असे समजू नये.

परदेशातही हाच विवेक लागतो. भारत जून २०१४ मध्ये ‘वॉशिंग्टन करारा’चा पूर्ण सदस्य झाला, ही अभिमानाची बाब होय. पण तो करार चार वर्षांच्या मानांकित पदवीपुरता आहे. पदविकेसारख्या शिक्षणासाठी ‘डब्लिन करार’ ही वेगळी व्यवस्था आहे. तेव्हा ‘आमची पदविका जगभर चालते’ या जाहिरातीतील शब्दांना फार महत्त्व देऊ नये.

शुल्क भरण्यापूर्वी

घर विकत घेताना आपण मागील तीस वर्षांचे दस्त तपासतो. मुलाच्या शिक्षणासाठी तेवढी नाही, तरी एका दिवसाची तपासणी अवश्य करावी. चालू वर्षाच्या मान्यतेचे पत्र मागावे. त्यात संस्थेचे नाव, अभ्यासक्रमाचे नाव आणि प्रवेशक्षमता वाचावी. कारण मान्यता संस्थेला असूनही नव्या शाखेला नसू शकते. अंतिम प्रमाणपत्रावर कोणत्या मंडळाचे वा विद्यापीठाचे नाव येणार, हे लेखी विचारावे. ‘प्रस्ताव पाठविला आहे’, ‘मान्यता येण्याच्या मार्गावर आहे’ ही उत्तरे नकारच समजावीत.

आणखी एक कसोटी हाताशी आहे. कर्जाची गरज नसली तरी जवळच्या बँकेत जाऊन या अभ्यासक्रमाला शैक्षणिक कर्ज मिळेल का, एवढे विचारावे. बँक मान्यता पाहिल्यावाचून रक्कम देत नाही. जेथे बँक हात आखडता घेते, तेथे कुटुंबाने आपली शिल्लक ओतण्यापूर्वी थांबलेले बरे.

पदविका घेणारे मूल मागे पडलेले नसते. ते लवकर कामाला लागलेले असते. यंत्राचा आवाज ऐकून दोष ओळखणाऱ्या हातांची उद्योगांना गरज आहे आणि त्याच हातांसाठी पदवीचे दारही उघडे आहे. त्या मुलाच्या मेहनतीवर शंका घेण्याऐवजी वडीलधाऱ्यांनी त्याच्या प्रमाणपत्रावरील शिक्का डोळ्यांत तेल घालून पाहावा. मेहनत तो करील. शिक्का तपासण्याचे काम घराचे आहे.