ट्रॉलीच्या टायरवरील वेगाची खूण आणि सुरक्षित वेग

सेलूच्या बाजारात कापूस, सोयाबीन नेताना आपण ट्रॅक्टरचे डिझेल, ऑइल पाहतो. ट्रॉलीच्या टायरवरची खूण मात्र सहसा वाचत नाही.

खूण कशी वाचावी?
टायरच्या बाजूवर मापाजवळ भारांक आणि त्यानंतर वेगाची खूण असते. ए६ म्हणजे ताशी ३० किमी, ए८ म्हणजे ४०, बी म्हणजे ५०. ही मर्यादा ठरलेला भार आणि योग्य हवा असेल तरच लागू होते. भार जास्त किंवा हवा कमी असल्यास टायरची बाजू सतत दबते, टायर आतून तापतो आणि फुटू शकतो.

ट्रकचे जुने टायर
अनेक शेतकरी ट्रॉलीला ट्रकचे जुने टायर बसवतात. त्यावर ताशी १०० किमीची खूण असली, तरी ट्रॉली त्या वेगाची होत नाही. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. वेग २० वरून ४० केल्यास ब्रेक लावल्यानंतर थांबण्याचे अंतर सुमारे चौपट होते. कापूस हलका असला तरी ढीग उंच असतो, त्यामुळे वळणावर ट्रॉली कलंडते.

काय काळजी घ्यावी?
• ब्रेक नसलेली भरलेली ट्रॉली ताशी २० किमीच्या आत चालवावी. वळणावर आणखी हळू.
• हवा टायर थंड असताना तपासावी.
• भेगा किंवा फुगवटा दिसल्यास टायर बदलावा.
• रस्त्यावर येण्यापूर्वी ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक पेडल जोडावेत.
• उतारावर न्यूट्रल करू नये. आधीच खालचा गिअर टाकावा.